मिलिमीटरभर उजेडाचं तापमान मोजताना

आबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत सत्तावीस वर्षं होते, त्यातली शेवटची नऊ तिथल्या लॅबमध्ये. भट्टीतून पळीभर लोखंड काढायचं, साच्यात ओतून त्याचं नाणं करायचं, घासून ‘स्पेक्ट्रो’वर ठेवायचं. अर्गॉन फुसफुसायचा, ठिणगी उडायची आणि अर्ध्या मिनिटात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरसचे आकडे कागदावर यायचे. एकदा त्यांचा डबा पोचवायला गेले तेव्हा मी हे पाहिलं होतं. पुढे पीएचडीत मी जे केलं ते मुळात हेच. फरक इतकाच की मला लोखंडाचं काही विचारायचं नव्हतं, मला त्या ठिणगीचीच चौकशी करायची होती.

माझा विषय आहे मायक्रोवेव्हने पेटवलेला मिलिमीटरभर आकाराचा अर्गॉन प्लाझ्मा (काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेला चमकता वायू) आणि त्याचे गुणधर्म: वायूचं तापमान, इलेक्ट्रॉनांची घनता, उत्तेजन तापमान (अणू किती उत्तेजित आहेत ते सांगणारं). गेल्या महिन्यात प्री-सबमिशन, म्हणजे प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण, झालं. सुरुवातीला मला कुणी सांगितलं असतं तर सहा-सात महिने वाचले असते अशा बऱ्याच गोष्टी आहेत. मी दहावीपर्यंत बेळगावातल्या मराठी शाळेत शिकले. ‘वर्णपट’ हा शब्द मला स्पेक्ट्रमच्या आधी भेटला. म्हणून हे मराठीत लिहितेय.

नोंदणी जुलै २०२२ ची. कोर्सवर्क, परीक्षा, सिनॉप्सिस हे सगळं सगळ्यांचं असतं तसंच झालं. मी डिग्री कॉलेजात शिकवते, त्यामुळे कामाला शनिवार-रविवार आणि सुट्ट्याच. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली: घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचा नाही. इंटरनेटवर तसे व्हिडिओ भरपूर आहेत, म्हणून मीही तेच बजावते. आतल्या मॅग्नेट्रॉनला चार हजार व्होल्टच्या आसपास लागतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. त्यात माणूस मरतो.

आम्ही घेतला तो मार्ग स्प्लिट-रिंग रेझोनेटरचा. अमेरिकेत हॉपवुड यांच्या गटाने २००३ च्या सुमारास हा प्रकार पुढे आणला. सर्किट बोर्डवर तांब्याची एक कडी असते, तिला एका जागी बारीक फट. कडीची लांबी अर्ध्या तरंगाएवढी ठेवली की सगळं विद्युतक्षेत्र त्या फटीत एकवटतं आणि पाच-सहा वॅटवर, साध्या हवेच्या दाबाला, तिथे प्लाझ्मा पेटतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीची मोकळ्या हवेतली लांबी १२.२ सेंटीमीटर, पण बोर्डात ती आखडते. त्यामुळे आमची कडी जेमतेम ११ मिलिमीटर व्यासाची झाली.

पहिले बोर्ड नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, साध्या एफआर-फोरचे (काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा बोर्ड), दहा बोर्ड १,४०० रुपयांना. फट ०.१५ मिलिमीटर मागितली होती. ती खरंच तेवढी आहे का हे मी बीएस्सीच्या लॅबमधल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली पाहिलं. दहातल्या तीन बोर्डांची फट ०.२० च्या वर निघाली. ज्या उपकरणावर आपण मुलांना काचेचा अपवर्तनांक काढायला लावतो ते इतक्या उपयोगाचं असेल असं वाटलं नव्हतं. रेझोनन्स, म्हणजे कडी नेमकी कुठल्या वारंवारतेला प्रतिसाद देते ते, तपासायला तीन गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा छोटा नॅनोव्हीएनए घेतला, ९,८०० रुपये, स्वतःच्या खिशातून. कॉलेजच्या खरेदी समितीकडे तीन कोटेशन, जीएसटी क्रमांक, तुलनात्मक तक्ता असं करत गेलं असतं तर उन्हाळा आला असता. अँप्लिफायर, कपलर आणि आयसोलेटर (उलट येणारी पॉवर अडवणारा भाग) मात्र समितीतूनच घेतले. त्याला साडेचार महिने लागले. कोटेशनवर ‘वैधता ९० दिवस’ असं आधीच लिहून घ्या. आमच्या तीनपैकी दोन कोटेशनांची मुदत बैठकीआधीच संपली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

गॅसची जोडणी आणि पितळी होल्डर उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. तिथले टर्नरकाका आबांच्या ओळखीचे. ड्रॉइंग बघून म्हणाले, “हे एवढंसं कशाला गं लागतंय?” मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि होल्डरला मी न काढलेला एक खाचा स्वतःहून ठेवला, बोर्ड काढताना नखाला धरायला. दोन वर्षं तो खाचा दर वेळी वापरलाय.

पहिल्यांदा प्लाझ्मा पेटला तो ११ फेब्रुवारी २०२३ ला, शनिवारी संध्याकाळी. आपोआप पेटत नव्हता. सरांनी स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आणायला सांगितला. फटीजवळ एक टिचकी, आणि जांभळट-पांढरा टिंब उभा राहिला, मोहरीच्या दाण्याएवढा. (लायटर वापरणार असाल तर आधी आयसोलेटर लावलेला हवाच, नाहीतर ठिणगीने अँप्लिफायर जाईल.) मी कितीतरी वेळ बघत बसले होते. लॅबचे शिपाईमामा दार लावायला आले आणि म्हणाले, “मॅडम, अजून बघायलायसाच काय त्या उजेडाकडं?”

पेटवणं झालं, आता मोजायचं होतं.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तोच: किती गरम आहे? त्यात थर्मोकपल घालता येत नाही. धातूची तार मायक्रोवेव्हमध्ये अँटेना होते, स्वतःच तापते आणि प्लाझ्मा आपल्याकडे ओढून घेते. लँगम्युर प्रोबचंही (प्लाझ्मात खुपसून मोजायची तार) तसंच, कारण हवेच्या दाबाच्या मिलिमीटरभर प्लाझ्मात प्रोब म्हणजे ताटात हत्ती. मग उरतो फक्त त्यातून बाहेर येणारा प्रकाश. शिवाय ‘तापमान’ एक नसतंच. इलेक्ट्रॉन हलके, ते क्षेत्राकडून ऊर्जा घेतात आणि जड अणूंना फारच थोडी देतात. म्हणून एकाच टिंबात इलेक्ट्रॉन दहा हजार केल्विनच्या घरात असतात आणि वायू काही शे केल्विनवर. हे पुस्तकात वाचलं होतं, पण कुठल्या रेषेवरून कुठलं तापमान निघतं हे अंगवळणी पडायला एक वर्ष गेलं.

आमच्याकडे फायबरचा छोटा स्पेक्ट्रोमीटर होता. एप्रिल २०२३ मध्ये त्यावर अर्गॉनच्या रेषा घेतल्या: ६९६.५, ७५०.४, ७६३.५, ८११.५ नॅनोमीटर. छान उंच, स्वच्छ. मी बोल्ट्झमन आलेख काढला (रेषेची तीव्रता विरुद्ध ती जिथून निघते त्या पातळीची ऊर्जा; उतारावरून तापमान निघतं), सरळ रेषा आली, उत्तेजन तापमान ७,९०० केल्विन. अहवाल लिहून सरांना पाठवला. सरांनी एकच विचारलं, “स्पेक्ट्रोमीटरचा प्रतिसाद दुरुस्त केलास का?” केला नव्हता. डिटेक्टर ७०० नॅनोमीटरला जितका संवेदनशील असतो तितका ८१० ला नसतो, म्हणजे रेषांच्या उंचीत निम्मी गोष्ट उपकरणाची असते. प्रमाणित हॅलोजन दिवा दुसऱ्या कॉलेजातून आठवड्यासाठी उसना आणला (प्राचार्यांचं पत्र, गेटपास, परत केल्याची पोच). दुरुस्ती केल्यावर त्याच आकड्यांवरून ३,६०० केल्विन आलं. पुन्हा मोजलं तर ५,०००.

हे असं का होतं हे कळायला जून उजाडला. या लाल रेषा अणूच्या ज्या ऊर्जा-पातळ्यांवरून निघतात त्या सगळ्या १२.९ ते १३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (हे अणूंच्या ऊर्जेचं एकक) दाटीवाटीने बसलेल्या आहेत. आलेखाचा उतार काढायला आडव्या अक्षावर जागा हवी, आणि इथे ती अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. मग एखादी रेषा दहा टक्क्यांनी चुकली की उतार कुठेही जातो. उपाय असा की ४१५.९ आणि ४२०.१ नॅनोमीटरच्या जांभळ्या रेषाही घ्यायच्या, त्या साडेचौदा इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून येतात. त्या फार फिक्या. लाल रेषांना १० मिलिसेकंद पुरत होते, यांना दोन सेकंद लागले, आणि प्रत्येक वेळी अंधाराचा वर्णपट वेगळा घेऊन वजा करावा लागला. पण आकडा स्थिरावला: ५,६०० केल्विन, अधिक-उणे ५००. तो अधिक-उणे लिहिताना पहिल्यांदा मला वाटलं की आपण खरंच काहीतरी मोजलंय.

वायूच्या तापमानाची कथा पावसाळ्यातली. त्यासाठी ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) या रेणूचा वर्णपटातला पट्टा बघतात, ३०६ ते ३१२ नॅनोमीटर. अर्गॉनमध्ये पाण्याचा अंश असतोच, त्यातून ओएच तयार होतं, पट्ट्यातले बारीक कंगोरे रेणूच्या गरगरण्याचे, आणि त्यांच्या उंचीवरून वायू किती तापलाय ते कळतं. मला पट्टा दिसतच नव्हता. दोन आठवडे फायबर बदलला, कोन बदलला, पॉवर वाढवली. शेवटी लक्षात आलं की प्रकाश गोळा करायला मी लावलेलं भिंग साध्या काचेचं होतं. त्या टोकाचा अतिनील प्रकाश ते बराचसा खातं. क्वार्ट्झचं भिंग मागवलं, ४,२०० रुपये, आणि पहिल्याच मापात पट्टा समोर.

मग जुलै आला. बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, कपडे आठवडा-आठवडा वाळत नाहीत. ओएचचा पट्टा दिवसागणिक मोठा व्हायला लागला आणि अर्गॉनच्या रेषा खाली बसायला लागल्या. सिलिंडर तोच, पॉवर तीच. दोष निघाला नळीचा. निळ्या पीयू (पॉलियुरेथेन) नळीच्या भिंतीतून बाहेरची ओल हळूहळू आत झिरपते. ती काढून स्टेनलेस स्टीलची नळी टाकली, फिटिंगसकट २,३०० रुपये. मापाआधी वीस मिनिटं नुसता अर्गॉन सोडून ठेवायची सवय लावून घेतली. वेल्डिंगचा अर्गॉनही बंद केला. तो स्वस्त असतो आणि उद्यमबागेत कुठेही मिळतो, पण माझ्या वर्णपटात ३३७.१ ला नायट्रोजनचा पट्टा हटत नव्हता. ९९.९९९ टक्के शुद्धतेचा सात घनमीटरचा सिलिंडर भरून ५,३०० रुपयांना पडला, डिपॉझिट वेगळं. मिनिटाला अर्धा लिटर प्रवाह ठेवला तर तो सव्वादोनशे तास पुरतो, त्यामुळे महाग वाटलं तरी तासाचा हिशोब करा.

त्याच दिवसांत आणखी एक पट्टा उगवला, ३८८.३ नॅनोमीटरला. तो होता सीएनचा, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचा. माझ्या वायूत कार्बन कुठून यावा? बोर्ड काढून मायक्रोस्कोपखाली धरला तर फटीच्या कडा काळ्या पडल्या होत्या. प्लाझ्मा बोर्डच जाळत होता. मला तेव्हा आबांचा स्पेक्ट्रो आठवला. बोर्डने स्वतःचं दुखणं स्वतःच्याच उजेडात लिहून दिलं होतं. सप्टेंबरमध्ये सिरॅमिक भरलेल्या लॅमिनेटचे बोर्ड घेतले, एक ३,१०० रुपयांना, आणि तो पट्टा गेला. आधीची सहा आठवड्यांची मापं मी बाजूला ठेवली. त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने न विचारता ताकभात पुढे ठेवला.

नव्या बोर्डवर लिफबेस या मोफत सॉफ्टवेअरशी ओएचचा पट्टा जुळवला: ७६० केल्विन, अधिक-उणे ६०. नायट्रोजनचा पट्टा वापरला असता तर ११५० च्या आसपास येत होतं. कोणतं खरं? अर्गॉनचे दीर्घायुषी उत्तेजित अणू नायट्रोजनला धक्का देताना त्याला जास्तीचं गरगरवतात, म्हणून अर्गॉनमध्ये नायट्रोजनवर विसंबायचं नाही. ओएचवरही आंधळा विश्वास नको. गरगरण्याच्या कमी क्रमांकाच्या पातळ्या आलेखावर एका सरळ रेषेत येतात का ते पाहूनच आकडा घ्यायचा.

राहिली इलेक्ट्रॉनांची घनता, आणि इथे घरचं उपकरण संपलं. हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरची रेषा भोवतीच्या इलेक्ट्रॉनांमुळे रुंदावते. माझ्या अंदाजाने ती रुंदी ०.०७ नॅनोमीटर असायला हवी होती. पाऱ्याच्या दिव्यावर आमच्या छोट्या स्पेक्ट्रोमीटरची स्वतःचीच रुंदी १.१ नॅनोमीटर भरली होती. धान्याच्या वजनकाट्यावर जिरं तोलायचं कसं?

मोठा मोनोक्रोमेटर (प्रकाशातले जवळजवळचे रंग वेगळे करणारं उपकरण) शोधायला मी आय-स्टेम वापरलं. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं हे सरकारी पोर्टल आहे, देशभरच्या संस्थांमधली उपकरणं त्यावर शोधता येतात. बेंगळुरूतल्या एका संस्थेत हवं ते सापडलं. ९ ऑक्टोबर २०२३ ला अर्ज केला. फॉर्ममध्ये ‘नमुना: घन, द्रव, भुकटी’ एवढेच पर्याय होते, आणि माझा नमुना म्हणजे चालू असलेलं एक यंत्र. मी ‘इतर’मध्ये लिहिलं, अर्ज परत आला. अर्गॉनचं सुरक्षापत्रक, मायक्रोवेव्हची पॉवर आणि गळतीचं माप जोडायला सांगितलं. गळतीचं माप आम्ही घेतलं. घरगुती ओव्हनसाठी पाच सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला पाच मिलिवॅट ही मर्यादा मानतात, आम्ही त्याच्या खूप खाली होतो. दुसऱ्यांदा अर्ज परत आला कारण प्राचार्यांच्या सहीची तारीख तीस दिवसांपेक्षा जुनी झाली होती. तिसऱ्यांदा मी फोन केला. पलीकडच्या तंत्रज्ञ बाई कन्नडमध्ये बोलल्या, मी माझ्या बेळगावी कन्नडमध्ये उत्तर दिलं, आणि दहा मिनिटांत जे कळलं ते तीन ईमेलमध्ये कळलं नव्हतं. शक्य असेल तिथे फोन करा. अर्जापासून तारीख मिळेपर्यंत सतरा आठवडे गेले. दर तासाला १,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. आठ तास घेतले, १४,१६० रुपये आगाऊ भरले. कॉलेजातून दोन दिवसांची ओओडी, म्हणजे बाहेरच्या कामाची परवानगी, मिळाली.

१२ फेब्रुवारी २०२४ ला रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघाले. सिलिंडर रेल्वेतून नेता येत नाही, गॅस तिथेच ठरवला होता. बोर्ड, होल्डर, अँप्लिफायर, केबल आणि पाऱ्याचा दिवा मात्र बरोबर. दिवा स्वेटरात गुंडाळून उशाशी ठेवला आणि झोप अशी लागलीच नाही. मायक्रोवेव्ह जोडायच्या एसएमएच्या केबल तीन जास्तीच्या न्या. माझी एक तिथे पोचल्यावर नादुरुस्त निघाली.

पहिले तीन तास सगळं एका रेषेत जुळवण्यातच गेले: मिलिमीटरभर प्लाझ्माची प्रतिमा २० मायक्रॉनच्या झिरीवर पाडायची होती. ते पैसे गेल्यासारखे वाटतात, पण घाई करू नका. मग पाऱ्याच्या ४३५.८ नॅनोमीटरच्या रेषेवर उपकरणाची स्वतःची रुंदी मोजली, ०.०१८. वायूत अर्धा टक्का हायड्रोजन सोडला. जास्त सोडला तर प्लाझ्माच बदलतो, आकसतो. आणि मग ती रेषा पडद्यावर आली, एकूण रुंदी ०.११४ नॅनोमीटर. मी वहीत लिहिलं आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं, एकूण अकरा वेळा.

या रुंदीत सगळ्यांचा वाटा असतो. उपकरणाचा काढला. अणूंच्या धावपळीचा, म्हणजे डॉप्लरचा, जेमतेम ०.०१, तोही काढला. उरलेल्या ०.११ मध्ये शेजारच्या अर्गॉन अणूंच्या दाटीचा वाटा ०.०४ च्या आसपास, आणि हा वाटा वायूच्या तापमानावर ठरतो. इथे मला पावसाळ्यातल्या त्या ७६० केल्विनची किंमत कळली. तापमान ४०० धरलं असतं तर शेजाऱ्यांचा वाटा फुगला असता आणि घनता जवळपास निम्मी निघाली असती. इलेक्ट्रॉनांचा वाटा ०.०७, त्यावरून घनता दर घन सेंटीमीटरला दोनावर चौदा शून्यं, अनिश्चितता चतुर्थांश. क्रम लक्षात ठेवा: आधी वायूचं तापमान, मग घनता.

इलेक्ट्रॉनांचं तापमान मी मोजलेलं नाही. त्याला लेझरची थॉमसन प्रकीर्णन पद्धत लागते, ती आमच्या आवाक्यात नव्हती. प्री-सबमिशनला एका परीक्षकांनी विचारलं, अंदाजे तरी आकडा घाला की. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सर, मोजलेलं नाही, त्यामुळे प्रबंधात नाही. त्यांनी टिपून घेतलं आणि पुढच्या पानावर गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना लॅबमध्ये घेऊन गेले. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढायला वेळ लागला. मी प्लाझ्मा पेटवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, हातभर अंतरावरून वाकून पाहिलं.

“किती डिग्री असंल गं ते?”

“वायू चारशे नव्वद सेल्सियसच्या आसपास, आबा. साठ इकडे किंवा तिकडे.”

“आमचं लोखंड चौदाशेला वतायचो.” थोडा वेळ गेला. “साठ कशावरनं?”

मी स्टूल ओढून त्यांना बसवलं, संगणकावर ओएचचा पट्टा उघडला आणि पहिल्या कंगोऱ्यापासून सांगायला लागले.